नाव : रोख

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले. दुकान एका मोठ्या साखळीतलं. काउंटरवर दोन मुलं, समोर ओल्या छत्र्यांची रांग. माझी पाळी आली तेव्हा मुलाने विचारलं, ‘मॅडम, नंबर?’ नंबर सांगितला की तिथे बिलावर सूट मिळते. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून मी धाकट्या जावेचा सांगितला. घरातली औषधं बहुतेक तीच आणते. त्याने तो टाइप केला, पडद्याकडे पाहिलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, ‘त्या दुसऱ्या गोळ्या पण देऊ का? दर महिन्याला नेता ना, या महिन्यात राहिल्यात.’ त्याने गोळीचं नावही घेतलं. ती नैराश्यावरची गोळी होती. मला हे माहीत होतं, कारण माझ्या वडिलांनी ती दोन वर्षं घेतली होती. जावेने घरात कुणालाच त्याबद्दल सांगितलेलं नव्हतं.

नातं आणि एकदोन तपशील मी इथे बदलले आहेत. नाहीतर त्या पडद्याने जे केलं, तेच या लेखाने पुन्हा केलं असतं.

त्या मुलाचा मला राग आला नाही. एखादी गोळी मध्येच बंद होऊ नये, एवढीच त्याची काळजी होती. मी घरी आले ती मात्र सुन्न होऊन. माझ्या जावेने त्या दुकानात खातं उघडलेलं नव्हतं. कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती, ॲप घेतलं नव्हतं, पासवर्ड ठेवला नव्हता. कधीतरी घाईत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री असताना तिने दहा आकडे सांगितले होते, एवढंच. स्वतःच्या समजुतीने ती रोख पैसे देऊन औषध घेणारी साधी गिऱ्हाईक होती. दुकानाच्या लेखी मात्र तिचं खातं होतं, त्यात महिन्यामागून महिन्याच्या नोंदी होत्या, आणि तिचे दहा आकडे ज्याला पाठ आहेत त्याला ते उघडता येत होतं. मी उघडलंच.

आपल्याकडे दुकानदाराच्या पावतीपुस्तकात एक सुंदर रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. भांडी, कापड, हार्डवेअर, काहीही घ्या. ‘नाव’ या शब्दापुढे दुकानदार ‘रोख’ असं लिहून मोकळा व्हायचा. उधारीवाल्याचं नाव लिहायचं, कारण त्याच्याकडून पैसे यायचे असत. ज्याने पैसे मोजले, माल उचलला, त्याचं नाव लिहायचं कारणच उरत नसे. व्यवहार पुरा झाला, दोघे एकमेकांचं देणं लागत नाहीत, हे सगळं त्या दोन अक्षरांत यायचं. खातं न उघडता खरेदी करण्याचा हक्क इतक्या सहजपणे पाळला जात होता की त्याला हक्क म्हणावं असं कुणाला वाटलंही नाही. तो हक्क कसा गेला आणि कुठे कुठे गेला, हे पाहायला हवं.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, पूर्वी वाण्यालाही सगळं ठाऊक असायचं की. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या घरी तेल कमी झालंय, कुणाची उधारी थकलीय. खरंच आहे. पण वाण्याचं ते ज्ञान त्याच्या डोक्यात आणि त्याच्या वहीत राहायचं. वही एकच असायची, ती दुकानातून बाहेर जात नसे. शेजारच्या डॉक्टरची वही, शिंप्याची वही आणि वाण्याची वही एकत्र करून कुणी वाचत नसे. वाणी विसरायचा सुद्धा. आणि जेवढं त्याला आपल्याबद्दल कळायचं तेवढंच आपल्याला त्याच्याबद्दल कळायचं. त्याच्या मुलीचं लग्न, त्याची मापं, त्याचा तापट स्वभाव. ओळख दोन्ही बाजूंनी होती. आताच्या ओळखीत एक बाजू काचेपलीकडे आहे.

मोठ्या दुकानांना आधी माल ओळखायला आला, माणूस नंतर. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं एक पाकीट बारकोडवरून पहिल्यांदा विकलं गेलं. त्यामुळे कोणता माल किती खपला हे दुकानाला नेमकं कळू लागलं. तो कुणी नेला हे कळत नव्हतं. ते कोडं ब्रिटनच्या टेस्को कंपनीने १९९५ साली क्लबकार्ड आणून सोडवलं. गिऱ्हाइकाला थोडी सूट द्यायची, बदल्यात प्रत्येक बिलाला त्याचा कार्डक्रमांक जोडायचा. तिथे निदान कार्ड होतं. माणूस अर्ज भरायचा, कार्ड खिशात बाळगायचा, नको असेल त्या दिवशी काढायचा नाही. आपल्याकडे कार्डाचाही टप्पा जवळजवळ वगळला गेला. प्रत्येकाच्या जिभेवर असलेला मोबाइल नंबरच कार्ड झाला.

हा नंबर इतका उपयोगी का पडतो, याचं एक कारण सहसा लक्षात येत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली. त्याआधी सेवा देणारी कंपनी बदलली की नंबर बदलायचा आणि जुन्या नंबराला चिकटलेलं सगळं आपोआप मागे पडायचं. आता कंपनी बदलली तरी नंबर तोच. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण त्याच सोयीने नंबर जन्मभराचा झाला. बँक, आधारचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, सोसायटीच्या फाटकावरची नोंद, सगळीकडे तेच दहा आकडे. पुष्कळांच्या यूपीआय आयडीतही तेच. घर बदलतं, आडनाव बदलतं, नोकरी बदलते, नंबर टिकतो.

म्हणून मी नंबराला दोरा म्हणते. सुटी बिलं कुणाचं काही बिघडवत नाहीत. मंगळवारी कुणीतरी गोळ्या नेल्या, शनिवारी कुणीतरी सैल कपडे घेतले, पुढच्या आठवड्यात कुणीतरी लहान मुलांच्या अंथरुणाची चौकशी केली. यातून कुणाचाच चेहरा उभा राहत नाही. त्याच तीन बिलांतून एक दोरा ओवला की एका बाईचं आयुष्य समोर येतं. दुकानात आपण नंबर सांगतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण एक माहिती दिली. प्रत्यक्षात आपण मागच्या आणि पुढच्या सगळ्या माहितीला गाठ मारून देतो.

दोन वेगळ्या कंपन्यांकडे तोच नंबर असला की त्यांच्या याद्याही एकमेकींना जोडता येतात. जाहिरातींच्या व्यवसायात हे रोज चालतं. दुकान आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरात दाखवणाऱ्या मंचाकडे चढवतं, मंच ती आपल्याकडच्या नंबरांशी ताडून पाहतो, आणि काल काउंटरवर पाहिलेला मिक्सर आज मोबाइलच्या पडद्यावर येतो. याबद्दल विचारलं की उत्तर मिळतं, आम्ही नंबर जसाच्या तसा देत नाही, त्याचं हॅश करून देतो. हॅश म्हणजे गणिती यंत्रातून काढलेली लांबलचक ठराविक खूण. नंबरावरून खूण काढता येते, खुणेवरून उलटं येता येत नाही, असं सांगितलं जातं.

हे उत्तर तपासून पाहावं असं आहे, कारण ते ऐकायला पक्कं वाटतं. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणजे सगळे मिळून शक्य नंबर किती? चार गुणिले शंभर कोटी, अर्थात ४०० कोटी. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला वाटत नाही. चारशे कोटी नंबरांची हॅश आधीच काढून ठेवायची आणि हाती आलेली खूण त्या यादीत शोधायची; चांगलं ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला हे काम काही सेकंदांचं आहे. उलटं यायची गरजच पडत नाही, सगळ्या दारांना किल्ली लावून पाहिली की झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ पासून पुन्हा पुन्हा बजावलं आहे की हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही. शिवाय मुळात ताडून पाहण्यासाठीच खूण पाठवली जाते. दोन्हीकडे एकाच नंबराची खूण एकच येते, म्हणून तर ती उपयोगी. दोरा रंगवला म्हणून तो दोरा राहत नाही असं थोडंच आहे!

मग नंबर दिलाच नाही तर? मी हा प्रयोग केला आहे आणि त्याने बराच फरक पडतो. पण सगळा पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ईव्ह-अलेक्झांडर द माँजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी एका देशातल्या ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे क्रेडिट कार्डाचे व्यवहार घेतले. नाव नाही, कार्डक्रमांक नाही, खातेक्रमांक नाही. फक्त कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात. त्यांना आढळलं की कुठल्याही माणसाच्या अशा चार खरेद्या बाहेरून कळल्या तर ९० टक्के लोक त्या ढिगातून नेमके वेगळे काढता येतात. किमतीचा अंदाज असला तर काम आणखी सोपं होतं. चार खरेद्या बाहेरून कळणं काही अवघड नाही. एक फोटो, हॉटेलातलं एक बिल, एक कौतुकाची पोस्ट. नाव पुसलं तरी माणसाच्या फिरण्याचा वळसा त्याचाच राहतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डक्रमांक साठवायला मनाई केली आणि त्याजागी टोकन आणलं. चोरीपासून संरक्षण म्हणून ते फार चांगलं पाऊल आहे. पण टोकनही दर वेळी तेच वापरलं तर त्या दुकानापुरता दोरा कायम राहतो.

खिशातला फोनही काही काळ असाच बोलत होता. वाय-फाय चालू असलेला फोन जवळपासची जाळी शोधताना आपला एक ठराविक क्रमांक हवेत सोडायचा. तो टिपून अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने २०१२-१३ मध्ये १७ दुकानांत गिऱ्हाईक कुठे फिरतं, किती वेळ थांबतं याचा माग घेतला. दारात तशी पाटी लावल्यावर लोकांनी तक्रारी केल्या आणि प्रकार थांबला. २०१३ मध्येच लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचरापेट्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन मोजू लागल्या होत्या. तिथल्या महापालिकेने ते बंद करायला लावलं. २०१४ पासून ॲपलने आणि पुढे अँड्रॉइडने हा क्रमांक सतत बदलता ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून ती वाट बरीचशी बुजली. तंत्रज्ञांनी मनावर घेतलं तर दोरा कापता येतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

चेहऱ्याचं तसं नाही, तो बदलता ठेवता येत नाही. कॅनडात एका कंपनीच्या १२ मॉलमध्ये नकाशा दाखवणाऱ्या पडद्यांत कॅमेरे बसवून ५० लाख चेहऱ्यांच्या प्रतिमांवर प्रक्रिया झाली होती. तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ते उघड केलं. अमेरिकेतल्या राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने चोर ओळखण्यासाठी चेहरे तपासले आणि भलत्याच लोकांना चोर ठरवलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिला असं चेहरे तपासायला पाच वर्षांची बंदी आली. नंबर न सांगणाऱ्याला, रोख देणाऱ्याला आणि फोन घरी ठेवणाऱ्यालाही चेहरा घेऊनच दुकानात शिरावं लागतं. कॅमेरा चोरीसाठी असणं मला मान्य आहे. तोच कॅमेरा मला मागच्या वेळची गिऱ्हाईक म्हणून ओळखू लागला की मान्य नाही.

ऑनलाइन खरेदीत ‘गेस्ट’ म्हणून पुढे जा, खातं नको, असं बटण दिसलं की बरं वाटतं. त्या बटणामागे काय चालतं ते समजायला ‘कुकी’ची गोष्ट उपयोगी आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँतुली या तरुण अभियंत्याने कुकी शोधून काढली, ती बाजारहाटासाठीच. वेबसाइटला तेव्हा काहीच आठवत नसे. एका पानावर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर नाहीशी व्हायची. प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक क्रमांक देऊन टाकणं सोपं होतं, पण मग सगळ्या साइट मिळून माणसाचा माग काढतील अशी भीती माँतुलींना वाटली. म्हणून त्यांनी प्रत्येक साइटला तिचीच छोटी चिठ्ठी ठेवू द्यायची योजना केली. माणूस निनावी राहावा आणि टोपलीही शाबूत राहावी, यासाठी केलेला तो शोध होता. थोड्याच काळात जाहिरात कंपन्यांनी हजारो साइटवर स्वतःचा एकेक तुकडा बसवला, आणि त्या प्रत्येक तुकड्याला तीच चिठ्ठी वाचता येऊ लागली. ज्या भीतीपोटी चिठ्ठी आली, ती चिठ्ठीतूनच खरी झाली. तंत्रज्ञानाच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार दुःखाची वाटते.

त्याहून नवी गोष्ट २०२२ सालची. युरोपातल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय साइट तपासल्या. त्यांनी पाहिलं की फॉर्ममध्ये ई-मेल लिहिला, पण ‘पाठवा’ हे बटण दाबलंच नाही, तर काय होतं. युरोपातून पाहिल्यास १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिल्यास २,९५० साइटवर तो ई-मेल बटण दाबण्याआधीच माग काढणाऱ्या कंपन्यांकडे गेलेला होता. म्हणजे दुकानात शिरलो, नाव सांगता सांगता विचार बदलला आणि काही न घेता बाहेर पडलो, तरी नाव लिहून घेतलेलं.

भारतात ‘गेस्ट’ हा शब्द तर आणखीच पोकळ आहे. घरपोच माल आणि पैसे हातात, अशी ऑर्डर देतानाही नंबर आणि ओटीपी लागतो. तुम्ही कधीच न गेलेल्या एखाद्या छोट्या ब्रँडच्या साइटवर नंबर टाकून पाहा. ओटीपी दिला की कधीकधी तुमचा पूर्ण पत्ता तिथे आधीच लिहून तयार असतो, मजल्यासकट. त्या ब्रँडने तो मिळवलेला नसतो. बिलाचं पान चालवणारी मधली कंपनी शेकडो दुकानांसाठी एकच असते, आणि आपण कधीतरी दुसऱ्याच दुकानात लिहिलेला पत्ता तिच्याकडे असतो. त्या कंपनीचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. खातं मात्र तिच्याकडे असतं.

यात नुकसान काय झालं, असं विचारणारी माणसं मला भेटतात, आणि प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. अँड्र्यू पोल हे तिथले संख्याशास्त्रज्ञ. बायका गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात काय विकत घेतात, हे त्यांनी नोंदींवरून शोधलं. वास नसलेलं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या अशा सुमारे २५ वस्तू मिळून दिवस कधी भरतील याचा अंदाज निघू लागला. चार्ल्स डुहिग यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात हे लिहिलं. त्यात, मुलीला बाळाच्या सामानाची कुपनं आली म्हणून भांडायला गेलेल्या आणि नंतर मुलगी खरोखरच गरोदर असल्याचं कळलेल्या बापाचा प्रसंग आहे. त्या प्रसंगापेक्षा मला पुढचा तपशील अधिक खुपतो. लोक बिचकतात हे कळल्यावर कंपनीने अंदाज बांधणं थांबवलं नाही. बाळाच्या कुपनांशेजारी गवत कापायच्या यंत्राची आणि काचेच्या पेल्यांची जाहिरात छापली, म्हणजे ती कुपनं सहज आली असं वाटावं.

आणि साठवलेलं फुटतंही. २०२१ च्या मे महिन्यात डोमिनोज इंडियाच्या ऑर्डरींची माहिती चोरांनी डार्क वेबवर मांडली. त्यांच्या दाव्यानुसार १८ कोटी ऑर्डरी. त्यांनी नुसती फाइल टाकली नाही, शोधायची सोय करून दिली. कुणाचाही मोबाइल नंबर टाका, त्याने पिझ्झा कुठल्या पत्त्यावर मागवला ते पाहा. घर सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता तिच्या जुन्या नंबरावरून मिळण्याची ही वाट होती. जेवण मागवताना कुणी एवढा विचार करत नाही, करायला लागूही नये.

आता कायद्याकडे येते, कारण काउंटरवर ‘सरकारी नियम आहे’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. जीएसटीच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या, म्हणजे आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता बिलावर लिहिणं ५०,००० रुपयांपासून पुढच्या खरेदीलाच बंधनकारक आहे. एका व्यवहारात दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम असेल तर पॅन लागतो. औषधांचं थोडं वेगळं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव नोंदवावं लागतं. आणि टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या ज्या ‘एच-१’ यादीत येतात, त्यांचं वेगळं रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. औषधाचा गैरवापर होऊ नये म्हणून ही नोंद आहे आणि ती असायलाच हवी. मोबाइल नंबर यातल्या कशालाच लागत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट कळवलं की नंबरासाठी अडून बसणं आणि तो दिला नाही म्हणून माल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला देणं ही अनुचित प्रथा असल्याचं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आधीपासूनच लिहिलेलं आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलमांखाली छोटी उदाहरणं दिलेली आहेत. त्यातलं एक वाचताना मी थबकले, कारण ते औषधाच्या दुकानाचंच आहे. एक बाई औषध घेते, पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर देते. कायदा म्हणतो, दुकान तो नंबर पोच पाठवण्यासाठी वापरू शकतं. उदाहरण तिथेच संपतं. सूट, मागच्या खरेदीची आठवण, जाहिरात, यातलं काही त्यात नाही. संमती मोकळेपणी, नेमक्या कामासाठी आणि कामापुरत्याच माहितीला दिलेली असावी. माहिती पुसून घेण्याचा हक्क असावा. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही मिळावी, हेही त्यात आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. वाण्याची कागदी वही या कायद्याबाहेर आहे, आणि ते मला योग्य वाटतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. त्या चळवळीने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला बिल मागायला शिकवलं. माझी आई भाजीवाल्याकडे सोडून सगळीकडे बिल मागायची, संकोच न करता. बिलावर काय असावं हे त्या पिढीने ठरवून घेतलं: वजन, किंमत, तारीख. बिलावर काय नसावं, हे ठरवून घ्यायचं काम आपल्याकडे आलं आहे. दुकानदाराची अडचण मला कळते. वॉरंटीसाठी, माल परत घेण्यासाठी, एखादं सदोष औषध बाजारातून मागे घ्यायचं झालं तर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला नंबर उपयोगी पडतो. त्यासाठी मागितला, कारण सांगितलं, तर मी देते. कारण न सांगता, दोन रुपयांच्या पेन्सिलीसाठी मागितला तर देत नाही. ‘नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे जात नाही’ असं काउंटरवरचा मुलगा म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्या वरिष्ठाला बोलवायला सांगते. आतापर्यंत दर वेळी बिल पुढे गेलं आहे.

जावेला मी आठवडाभराने सांगितलं, गच्चीवर कपडे काढताना. ती बराच वेळ चिमटे मोजत राहिली. माझ्यावर रागावली नाही. मग म्हणाली, ‘वहिनी, माझा नंबर तिथे अजून कुणी कुणी सांगितला असेल?’ तिचा नवरा सांगतो, मुलगा सांगतो, शेजारच्या काकूंनीही एकदा सवलतीसाठी सांगितला होता. मला यावर काही बोलता आलं नाही.

आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. नंबर आणि जुन्या नोंदी काढून टाका, असं तिने स्वतः सांगितलं. मॅनेजर सौजन्याने वागले. त्यांच्या संगणकावर पुसायची सोय नव्हती, मुख्य कार्यालयाला मेल करायला त्यांनी सांगितलं. मेल केला. तुमची विनंती मिळाली, असं उत्तर आलं, आणि दोन दिवसांनी त्याच नंबरावर व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर सूट असल्याचा संदेश आला. त्यानंतर तिने दुकान बदललं. आता ती स्टेशनजवळच्या एका जुन्या औषधवाल्याकडे जाते. तिथे सूट नाही. ते कार्बन घालून बिल लिहितात, त्यावर तिचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या असते.

त्या दिवशी मॅनेजरला भेटून परत येताना आम्ही भांड्यांच्या दुकानात थांबलो. कुकरची रिंग घ्यायची होती. दुकानदारांनी रिंग कागदात गुंडाळली, पावतीपुस्तक पुढे ओढलं, पेन उघडलं आणि वर न पाहताच विचारलं, ‘नाव काय लिहू?’

जावेने माझ्याकडे पाहिलं. ‘रोख लिहा, काका,’ ती म्हणाली. त्यांनी तसंच लिहिलं.